शेळ्यांचं संध्याकाळचं पाणी

सौद्यातून उठून कसं जायचं, हे मला वडिलांनी शिकवलं. मेंढरांच्या बाजारात टॉवेलाखाली गिऱ्हाइकाची बोटं धरून ते बसायचे. भाव जमला नाही की टॉवेल झटकून खांद्यावर टाकायचे आणि चालू लागायचे. मी त्यांच्या मागे. "मागं बगू नगंस," ते ओठ न हलवता म्हणायचे. "बगितलंस की मेलो आपुन." दहा-वीस पावलं झाली की मागून हाक यायचीच. "आवं पाव्हणं, थांबा की! एवढं तापायला काय झालं?" मग परत फिरायचं, पण सावकाश, उपकार केल्यासारखं तोंड करून.

या एका युक्तीवर मी सांगलीच्या हळदीच्या पेठेत उभा राहिलो. पाठीवर पोती वाहत आलो होतो, आज माझं स्वतःचं गोदाम आहे. गोदामाची जागा घेताना मी दोनदा उठून गेलो. मुलीची सोयरीक ठरवताना एकदा भरल्या ताटावरून उठलो. दरवेळी हाक आली. आली नाही ती एकदाच, शिराळ्याच्या पुढे डोंगराच्या कडेला असलेल्या एका शेतावर. ते शेत चालवणाऱ्या ताईंबद्दल माझ्या मनात त्या दिवसापासून अढी आहे. ती अढी गेली आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी एकटा उठून चाललो नव्हतो. माझ्या हातात माझ्या बहिणीचा हात होता, आणि सौदा तिचा होता.

बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आता चाळिशीला आली आहे. जन्मापासून तिची समज हळू चालते. बोलणं दोन-तीन शब्दांचं, तेही ओळखीच्या माणसांशी. आमचं गाव आटपाडीकडचं, पावसाची वाट बघणारं. तिथे तिला सगळे भोळी म्हणत. आईनं तिला कधी कशाला हात लावू दिला नाही. भाकरी मोडून द्यायची, वेणी घालून द्यायची, पाण्याचा तांब्या तोंडाला लावायची. "तू बस बाय," हे आईचं दिवसभराचं वाक्य. यात माया होती, मी नाही म्हणत नाही. पण आई गेली त्या दिवशी माझ्या बहिणीला स्वतःच्या चपलेचा पट्टा लावता येत नव्हता.

मी तिला सांगलीला घरी आणलं. तिच्यासाठी गॅलरीत प्लास्टिकची खुर्ची ठेवली. सकाळी चहा झाला की ती तिथे बसायची आणि खालून जाणाऱ्या रिक्षा, मोटारसायकली बघायची. जेवायला हाक मारली की उठायची. आम्हीही आईचंच वाक्य म्हणत होतो, तू बस बाय. वर्षभर ती बसली. तिचं वजन वाढलं आणि होतं तेवढंही बोलणं कमी झालं.

शेताची गोष्ट बायकोनं काढली. तिच्या माधवनगरच्या मैत्रिणीनं तिला सांगितली होती.

"तितं हिच्यासारखीच मोठी माणसं असत्यात. शेतातलं काम शिकवत्यात. सोमवारी सोडायचं, शनिवारी आणायचं."

"माझ्या भणीनं काम करायचं? मी काय मेलोय का?"

"तुमी न्हाई मेलासा," बायको म्हणाली. "पर आपुन दोघं मेल्यावर ती काय करंल, तेवढं सांगा."

पुढच्या सोमवारी आम्ही तिघं पेठ नाक्यावरून शिराळ्याला वळलो.

ताई पन्नाशीच्या. मूळच्या सातारच्या, पायात गमबूट, साडीचा पदर खोचलेला. त्यांच्याबरोबर एक निवृत्त हवालदार होते, कराडकडच्या उसाच्या शेतकऱ्याचा मुलगा, सैन्यात वीस-बावीस वर्षं काढून आलेले. त्यांचं काम शिकवण्याचं. शेतात उसाची रोपं तयार करायची शेड होती, भाजीचे वाफे होते, हळद दळून पाकिटं भरायची एक खोली होती आणि मागच्या बाजूला एक गोठा. काम करणारी दहा-बारा माणसं, सगळी वीसच्या पुढची. एक तर माझ्याएवढा, केस पांढरे.

तो पांढऱ्या केसांचा माणूस टोमॅटोचं रोप काठीला सुतळीनं बांधत होता. सुतळी सुटायची, तो परत धरायचा, परत सुटायची. सहा-सात वेळा झालं. मला राहवेना. मी पुढे होऊन सुतळी हातात घेतली.

"शेठ, हात मागं," हवालदार म्हणाले.

"काय?"

"हात मागं बांधा. विश्राम! हितं शिकवायला येणाऱ्याला पैला हुकूम ह्योच. मदतीचा हात लय लवकर सुटतो बगा. म्हणून बांधूनच ठेवायचा."

स्वतः ते तसेच उभे होते, पाय फाकवून, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून, कवायतीच्या मैदानावर उभे असावेत तसे. त्या माणसानं अखेर गाठ मारली. वाकडी होती, पण बसली. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "तुमाला येती का अशी?"

"न्हाई बाबा," मी म्हणालो.

"मग बगून ठेवा," तो म्हणाला, आणि पुढच्या रोपाकडे सरकला. हवालदार खो खो हसले. मी पण हसलो, पण मनातून मला ते लागलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाला सुतळीशी झुंजू द्यायचं आणि आपण हात बांधून बघत राहायचं, ही काय रीत?

ताईंनी रीत समजावून सांगितली. कुठलंही काम ते बारीक तुकड्यांत तोडतात, प्रत्येक तुकड्याचं चित्र काढून भिंतीवर लावतात. बादली घे, नळाखाली ठेव, नळ सोड, खुणेपर्यंत आलं की बंद कर. शिकवणारा आधी अगदी शेजारी उभा राहतो. मग तीन पावलं लांब. मग दहा. मग दाराबाहेर. मग तिथे नसतोच. पहिला महिना प्रत्येक काम करून बघायचं, त्यानंतर ज्याचं त्यानं निवडायचं.

ते शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण धरलं नाही. पेठेत मी माल दाखवताना अशी पुष्कळ वाक्यं बोलतो. गिऱ्हाइकाला बरं वाटतं, इतकंच. त्या दिवशी बहिणीला हळदीच्या खोलीत बसवलं होतं. स्वच्छ फरशी, डोक्याला टोपी, पुढ्यात पाकिटं. मला ते चित्र आवडलं. माझ्या डोक्यात तेच पक्कं झालं. पुढच्याच आठवड्यात मी चांगल्या राजापुरी हळदीची पोती तिकडे पाठवून दिली. पेठेत कुणी विचारलं तर मी सांगायचो, बहीण पॅकिंगला असते.

तीन महिन्यांत फरक दिसला. चपलेचा पट्टा ती स्वतः लावायला लागली. जेवण झालं की ताट उचलून मोरीत न्यायची. एका शनिवारी घरी आल्यावर तिनं माठातलं पाणी ओतून घेतलं आणि एक पेला माझ्यापुढे ठेवला, न सांगता. मी तो पेला हातात धरून बसलो. अडतीस वर्षं जिला आम्ही पाणी पाजलं तिनं मला पाणी दिलं होतं. सोमवारी सकाळी मी गाडीची किल्ली शोधत असायचो आणि ती पिशवी मांडीवर घेऊन आधीच गाडीत बसलेली असायची.

शनिवारी आली की तिच्या अंगाला एक वास यायचा. मी बायकोला विचारलंही.

"शेत म्हटल्यावर वास येणारच की," ती म्हणाली आणि कपडे धुवायला घेऊन गेली.

तो वास मी ओळखायला हवा होता. मी त्यातच वाढलो. पण जी गोष्ट विसरायची म्हणून माणूस तीस वर्षं साबण लावतो, ती त्याच्या नाकाला कशी कळावी?

मग एका बुधवारी मी कराडला गेलो होतो. काम लवकर आटपलं. परतताना वाटेत वळलो, म्हटलं बघून जावं. ऊन उतरलं होतं. शेतावर गाडी लावली आणि गोठ्याच्या अंगानं एक आवाज कानावर आला. जीभ टाळ्याला लावून काढलेला, आधी लांब आणि शेवटी आखूड तुटलेला. तो माझ्या वडिलांचा आवाज होता. मेंढरं वळवताना ते असाच आवाज काढायचे. ते जाऊन तीस वर्षं झाली.

बहीण शेळ्या आत घेत होती. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, त्यावर लेंड्यांची पाटी, काखेत काठी. पाटी उकिरड्यावर रिकामी केली, हात झटकले आणि बादली उचलून नळाकडे निघाली. सोबत कुणी नव्हतं. हवालदार पार लांब, बांधावर, नेहमीसारखे हात मागे बांधून उभे. तिचा चेहरा मला बाजूनं दिसला. ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती आणि हसत होती.

आज मला ते हसणं दिसतं. त्या वेळी पाटी दिसली.

वडील गेल्यावर एकोणिसाव्या वर्षी मी सगळी मेंढरं विकली आणि सांगलीला आलो. पेठेत पहिली काही वर्षं मला कुणी नावानं हाक मारत नव्हतं. "ए मेंढक्या!" गादीच्या कोपऱ्यावर टेकलो तर म्हणायचे, तिकडं बस, लेंड्यांचा वास येतोय. त्याच लोकांना पुढे मी माझ्या दारात उभं केलं. घरातला शेवटचा माणूस त्या लेंड्यांतून मी वर काढला, अशी माझी समजूत होती. आणि इथे माझ्याच बहिणीच्या डोक्यावर पाटी.

मी ताईंना रोपांच्या शेडमध्ये गाठलं.

"ताई, ही काय मस्करी लावलीया?"

"कसली, दादा?"

"माझ्या भणीच्या डोक्यावर लेंड्या! पॅकिंगला म्हणून ठिवली हुती मी तिला."

"पॅकिंगला ती एकच आठवडा होती. सगळा दिवस दाराकडे बघत बसायची. शेळ्यांच्या गोठ्यात पहिल्यांदा नेली, तर जेवायलासुद्धा बाहेर येईना. तिनं निवडलंय ते काम."

"तिला काय कळतंय निवडायचं?"

"विचारा की तिलाच," ताई म्हणाल्या.

मी विचारलं नाही. मी सौदा सुरू केला, कारण मला तेवढंच येतं. म्हणालो, ह्या शेडवरचा पत्रा गळतोय. अख्खा नवा घालून देतो, पावसाच्या आत. तिला परत पॅकिंगला घ्या.

ताईंनी वर पत्र्याकडे बघितलं. "पत्रा लागतोय खरा," त्या म्हणाल्या. "पण त्याच्या बदल्यात नको."

"मग काय पायजे ते सांगा."

"काहीच नको, दादा. तुम्ही बसा, चहा घ्या. तिचं काम संपेल पाच-दहा मिनिटांत. मग तिघं मिळून बोलू."

एवढ्या शांत माणसावर मला जास्त राग येतो. भांडणारा माणूस निदान बाजारात उतरलेला असतो. मला वाटलं, ही बाई पोचलेली आहे, मला खेळवते आहे. आणि मी वडिलांनी शिकवलं होतं तेच केलं.

"ऱ्हाऊ द्या मग. आमी जातो."

गोठ्याशी गेलो. बहिणीच्या हातात बादली होती, खुणेपर्यंत भरलेली. मी ती काढून खाली ठेवली आणि तिचा हात धरला. गोठ्यापासून फाटकापर्यंत असतील सत्तर-ऐंशी पावलं. वीस झाली. हाक नाही. चाळीस झाली. मी चाल हळू केली. लोक म्हणतील लाज नाही, पण मी खरोखर हळू केली. बहीण मागे ओढत होती. साठ. फाटक आलं. गाडीत बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा सौद्यातून उठल्यावर मागे बघितलं, तेही आरशातून. ताई शेडच्या दारात उभ्या होत्या. हवालदार बांधावरून दोन पावलं पुढे आले होते. दोघांचेही हात मागे होते.

रस्त्याला लागल्यावर बहीण म्हणाली, "दादा, पानी ऱ्हायलं."

"कशाचं?"

"पानी ऱ्हायलं."

"दील कुनीतरी," मी म्हणालो.

पेठ नाक्यापर्यंत तिनं ते चार वेळा म्हटलं. चौथ्यांदा मी तिच्यावर ओरडलो. त्यानंतर सांगलीपर्यंत ती बोलली नाही.

माझा हिशोब असा होता की दोन दिवसांत फोन येईल. जागा रिकामी ठेवून त्यांना काय मिळणार? आठवडा गेला. मी बायकोला म्हणालो, बघ, अशी असतात ही माणसं, एकदा विचारलंसुद्धा नाही. पेठेतही हेच सांगितलं. सांगता सांगता माझी बाजू चांगली घोटून झाली.

घरी बहीण पुन्हा खुर्चीत बसायला लागली. फक्त संध्याकाळी, ऊन उतरलं की उठून गच्चीवर जायची. महिन्याभरानं बायकोनं मला वर बोलावलं. कुंडीतलं कढीपत्त्याचं झाड बोडकं झालं होतं. त्याचा पाला गच्चीच्या कठड्याशी ओळीनं मांडलेला. सारखे ढीग, सारख्या अंतरावर.

"रोज करती," बायको म्हणाली. "मोजा किती हायत ते."

"सहा."

"रोज सहाच."

"तिला मोजता कुटं येतंय?"

"शेळ्या सहा हायत तितं," बायको म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. "बगताय काय? मला पैल्यापासनं म्हाईत हुतं. तुमाला सांगितलं असतं तर काय केलं असतं तुमी? हेच की, जे केलंसा ते."

मी चिडलो. पण चिडून करणार काय? दुसऱ्या दिवशी मी दोन शेळ्या विकत आणल्या आणि गोदामाच्या मागच्या अंगणात बांधल्या. म्हटलं, त्यात काय मोठं, शेळ्याच हव्यात ना, घे. हे काय त्या ताईंकडेच मिळतं? बहिणीला घेऊन गेलो. ती शेळ्यांच्या जवळ बसली, त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. मला वाटलं, जिंकलो.

पण तिथे भिंतीवर चित्रं नव्हती. नळ वेगळा, फिरवायचा नव्हता, दाबायचा होता. बादली गोदामातली, मोठी, तिला खूण नव्हती. पहिल्या दिवशी तिनं बादली काठोकाठ भरली, उचलली आणि अंगावर सांडली. हमाल हसले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे माल बघायला माणसं आली होती, आणि पाणी वाहत पोत्यांच्या थप्पीकडे निघालं. मी धावलो, बादली तिच्या हातातून हिसकली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "एवढं सुदिक येत न्हाई व्हय तुला? तू बस! बस तितं!"

ती बसली. भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन. पाणी मी घातलं शेळ्यांना. त्यानंतर ती गोदामात आली की आधी बसायची जागा शोधायची. पंधरा दिवसांत मी शेळ्या काढून टाकल्या. गच्चीवरचे ढीगही थांबले. बायको म्हणाली, पाला संपला म्हणून. मी मान हलवली. पण पुढे कढीपत्त्याला पालवी फुटली, तरी ती गच्चीवर गेली नाही.

आता एक गोष्ट लिहितो, जी मी बायकोलासुद्धा पुष्कळ दिवस सांगितली नव्हती. फोन आला होता. तिला आणल्यानंतर नवव्या दिवशी. ताईंचा नाही, हवालदारांचा.

"शेठ, राम राम. बाय कशी हाय?"

"बरी हाय."

"ताई इचारत्यात, जागा किती दिस धरू? लोक थांबल्यात ओ. आणि तिचे गमबूट हितंच ऱ्हायल्यात. रोज सकाळी उगंच नजर जाती."

मला काय करायला हवं होतं? उद्या घेऊन येतो, एवढं म्हणायचं. पण माझ्या कानांना ती हाक वाटली, पाठीमागून आलेली. आणि हाक आल्यावर लगेच वळायचं नसतं.

"ताईंना म्हणावं, स्वतः फोन करा," मी म्हणालो. "मग बगू."

"शेठ, ह्यो बाजार न्हवं गड्या," हवालदार म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्यावर मी जवळजवळ आठ महिने बसलो. मला हाक आली नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो, आणि सांगत राहिल्यानं मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. ताईंनी स्वतः फोन करायला हवा होता, हे माझं आजही म्हणणं आहे. पण त्या बोलत होत्या बहिणीच्या जागेबद्दल, आणि मी बोलत होतो माझ्या पाठीबद्दल.

दिवाळीनंतर एका सकाळी बायकोनं बहिणीला चप्पल घालायला सांगितलं. बहिणीनं पाय पुढे केला आणि वाट बघत राहिली. पट्टा कुणीतरी लावावा म्हणून. मी गाडीची किल्ली घेतली.

शेतावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. शेडवर तोच पत्रा, फाटलेल्या जागी चवाळं बांधलेलं. ताईंनी बहिणीचे दोन्ही हात हातात घेतले, तिची विचारपूस केली, माझ्याशीही नीट बोलल्या. मागचं काही काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"जागा भरली, दादा. दोन महिने धरली होती," त्या म्हणाल्या. "जतकडचे एक जण आलेत. पंचेचाळीस वर्षांचे. त्यांचा भाऊ वारला, घरी कुणी नाही."

"बाकीच्या कुठल्या कामाला घ्या. पॅकिंगला घ्या." माझ्याच तोंडून ते निघालं.

"तिथेही जागा नाही. नाव लिहून ठेवते. कधी होईल ते सांगू शकत नाही. आणि झालं तरी पहिल्यापासून शिकवावं लागेल आता, चपलेपासून."

पत्र्याचं माझ्या ओठांवर आलं होतं. नवा पत्रा, गोठ्याची फरशी, काय म्हणतील ते. मी वर बघितलं. ताईंनी मला वर बघताना बघितलं. मी ते बोललो नाही. नाव लिहून घ्या, एवढंच म्हणालो.

तेवढ्यात बहीण शेजारी नसल्याचं लक्षात आलं. ती गोठ्याकडे चालत निघाली होती. पाणी देण्याची वेळ झाली होती. नळाशी तो जतकडचा माणूस, बुटका, कानटोपी घातलेला, बादली भरत होता. बहीण त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं बादलीच्या कडीला हात लावला.

"ए, माजी हाय," तो म्हणाला.

तिनं हात काढला नाही.

"माजी हाय की गं! सायबानं सांगितलंय मला. सोड."

साहेब म्हणजे हवालदार. ते दहा पावलांवर होते, हात मागे. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. वाटत होतं, जावं, ती बादली त्याच्याकडून घ्यावी, हिच्या हातात द्यावी, एकदाच देऊ दे म्हणावं. हवालदारांनी माझ्याकडे न बघता मान हलवली, नाही म्हणून. मी हात मागे नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं.

बहिणीनं कडी सोडली. तो बादली घेऊन गोठ्यात गेला. चालताना थोडं सांडलं, पण नेली. ती दारात उभी राहून बघत होती. त्यानं पाणी ओतलं. शेळ्यांनी तोंडं घातली. सहाच्या सहा पाणी प्यायल्या, तोपर्यंत ती हलली नाही. मग वळली आणि सरळ गाडीकडे आली.

"दादा," ती म्हणाली, "पानी दिलं त्येनं."

"व्हय बाय."

"चल."

त्या आठ महिन्यांत तिनं स्वतःहून माझ्याशी बोललेली ही पहिली गोष्ट. ती रडली नाही, रागावली नाही. पेठ नाक्यापासून पुढे झोपली. मला मात्र तिच्या त्या जुन्या वाक्याला मी तेव्हा दिलेलं उत्तर आठवत होतं. दील कुनीतरी. दिलं की.

शेतावरून निघताना हवालदारांनी तिचे गमबूट एका पिशवीत घालून दिले. "पाय काय आता मोठे न्हाईत व्हनार," ते म्हणाले. "ठिवा जपून. लागतील." आणि मग मला बाजूला घेऊन गोठ्यातल्या भिंतीवरचं एक चित्र दाखवलं, बादलीचं, त्यावर तांबडी खूण. "घरी असली एक बादली करा. लहान घ्या. आणि तोंड बंद ठिवा, शेठ. तुमचं तोंड हातापेक्षा वंगाळ हाय."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

आता आमच्या गच्चीवर एक लहान बादली आहे, तिला मी तांबड्या रंगानं खूण केली आहे. नळावर चित्रं चिकटवली आहेत, बायकोनं काढलेली. चित्रातली बादली तपेल्यासारखी दिसते, पण कळते. संध्याकाळी पेठेतून मी लवकर निघतो. लोक विचारतात, कुठं चाललाय शेठ, सौदा अर्ध्यावर टाकून? मी चालू लागतो. बहीण गच्चीवर येते, नळाखाली बादली ठेवते, खुणेपर्यंत भरते. मग कढीपत्त्याच्या कुंडीपर्यंत न्यायची. पाच पावलं आहेत. तिथे ती थांबते आणि माझ्याकडे बघते, मी सांगावं म्हणून. किंवा मी येऊन उचलावी म्हणून. मी तीन पावलं लांब उभा असतो, हात मागे, तोंड बंद. फोन खिशात वाजत राहतो. वाजला की आधी वाटतं, शिराळ्याचा असेल. अजून आलेला नाही. आला तर पहिल्या घंटेला उचलणार आहे.

कधी ती बादली उचलते. कधी बघत राहते, आणि मग जाऊन खुर्चीत बसते.

काल उचलली नाही. भरलेली बादली तिथेच राहिली. अंधार पडेपर्यंत मीही तिथेच उभा होतो.